कुकीज पसरून एक झाल्या, ३१ तारखेच्या शेकोटीआधी सांगा काय चुकलं

मोर्शीकडची_मामी (२६ डिसेंबर, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सगळं सांगितल्याशिवाय समजणार नाही म्हणून. आमचं गाव मोर्शी तालुक्यात, घरी संत्र्याची बाग अन् थोडा कापूस, तूर. नणंदबाईंची दोन लेकरं नागपूरहून नाताळच्या सुट्ट्यांत आली आहेत, मोठी सहावीत, लहाना दुसरीत. आल्या आल्या लहान्याचं सुरू झालं की मामी, २४ तारखेच्या रात्री सांतासाठी चॉकलेटच्या कुकीज आणि ग्लासभर दूध ठेवा लागते, तो धुराड्यातून येते. आता आमच्या जुन्या चुलीच्या खोलीला धुराडं आहे पण वानेरं आत येतात म्हणून मामाजींनी (माझे सासरे) त्याला जाळी ठोकलेली. पोरगं दिवसभर मामाजींच्या मागं, आबा जाळी काढा, आबा जाळी काढा. शेवटी मामाजी खरंच शिडी लावून वर चढले आणि एका रात्रीपुरती जाळी काढून आले, वरून त्याले म्हणतात, "हे पाह्य, सांता आला तं बरं झालं, वानेर आलं तं तुले झोपवा लागन त्याले."

तर कुकीज. घरी ओव्हन नाही. सासूबाईंच्या गळ्यात माळ आहे त्यामुळे घरात अंडं येत नाही. मी दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी कोको, एक वाटी साखर, एक वाटी घरचं तूप गरम करून पातळ केलेलं, एक चमचा खायचा सोडा असं घेतलं, मळून गोळे चपटे केले. मोठ्या कढईत मीठ पसरून त्यावर रिंग, रिंगवर ताटली, वरून झाकण, गॅस एकदम बारीक. दहा मिनिटांनी झाकण उघडलं तर आठ कुकीजची एकच कुकी, ताटलीभर पसरलेली. मामाजी म्हणाले "सूनबाई, हे तं चॉकलेटचं धिरडं झालं". दुसऱ्या घाण्याला मी मैदा वाढवला, त्या थोड्या गोल राहिल्या पण काळ्या, जाड, वरून बोटांचे ठसे उमटलेले, सासूबाईंनी ताट पाहिलं आणि म्हणाल्या "अवं माय, गोवऱ्या थापल्या वं!" तिथून जे हसणं सुरू झालं ते थांबेच ना. मोठी भाची तर एक कुकी घेऊन सरळ भिंतीला चिकटवायला निघाली, गोवऱ्या थापतात तशी. शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्या, त्याही बसल्या हसत.

मला राग नाही आला, मनापासून सांगते. यंदा संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ एवढी झाली की ऑगस्टपासून घरात कोणी मोठ्यानं बोललंसुद्धा नव्हतं, मामाजी संध्याकाळी नुसते ओट्यावर बसून राहायचे. त्या दिवशी ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत हसत होते. म्हणून मला ३१ ला परत करायच्या आहेत. त्या रात्री शेतात शेकोटी, हुरडा, आजूबाजूचे मिळून वीस-पंचवीस जण राहतील. कुकीज कुकीजसारख्या झाल्या पाहिजेत, आणि लेकरांना मजा करायला काहीतरी सुचवा, हसणं तेवढंच राहिलं पाहिजे.

आणि हो, २४ च्या रात्री त्यातल्या त्यात बऱ्या तीन कुकीज आणि दूध धुराड्याखाली ठेवलं होतं. सकाळी ताटली रिकामी, ग्लास आडवा. लहाना अख्ख्या गावात सांगत फिरला. मोठीनं मला हळूच दाखवलं, ओट्यावर दुधाचे मांजरीच्या पायाचे ठसे होते, तिनं स्वतःच ओल्या फडक्यानं ते पुसले आणि भावाला सांगितलं नाही.

भट्टीवाला_वर्धा (२६ डिसेंबर, रात्री ११:१५)

वहिनी नमस्कार. आमची भट्टी आहे वर्धा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, वडिलांपासून. दिवाळीच्या आधी लोक घरून रवा, मैदा, तूप, साखर, दूध आणतात आणि आम्ही बिस्किटं भाजून डबे भरून देतो, त्यामुळे तुमचं दुखणं मी वर्षात शंभर वेळा पाहतो. तीन गोष्टी झाल्या.

पहिली न मोठी, तूप पातळ केलं. पातळ तूप पिठात मिसळलं की गोळा वरून घट्ट दिसते पण गरम लागल्याबरोबर सैल सुटते. तूप थिजलेलंच पाहिजे, रवाळ, आणि ते पिठी साखरेसोबत फेटायचं, ताटात तळहातानं घासत घासत, पांढरंफटक होऊन फुलेपर्यंत. नानखटाईले आम्ही तेच करतो. दहा-पंधरा मिनिटं हात दुखतो पण त्यात हवा भरते, कुकी खुसखुशीत त्याच्यानं होते. जाड साखर घालू नका, ती भाजताना विरघळते अन् पसरायला मदत करते.

दुसरी, सोडा. चमचाभर म्हणजे भल्ला जास्त झाला. जास्त सोड्यानं कुकी पसरते, काळपट पडते आणि जिभेवर साबणासारखी चव येते. पाव किलो मैद्याले अर्धा चहाचा चमचा पुष्कळ.

तिसरी, बारीक गॅस. लोकांना वाटते बारीक आचेवर जळणार नाही म्हणून बरं. पण मंद आचेवर तूप आधी वितळून पसरते आणि कड धरायला वेळ लागते. भट्टीत आम्ही कडक आचेवर पाव आधी काढतो, मग भट्टी उतरायला लागली की बिस्किटं लावतो. उतरती आच म्हणजे थंड नाही बरं का, तापलेल्या विटा धग धरून राहतात. तशी कढई आधी दहा-बारा मिनिटं मोठ्या गॅसवर झाकण लावून तापवा, मग मध्यम करा, मग ताटली आत.

वऱ्हाडी_चूल (२७ डिसेंबर, सकाळी ७:०५)

ताई तुमची गोठ वाचून मी सकाळी सकाळी चहा सांडवला वं बाई, गोवऱ्या थापल्या म्हने! आमची बुढीबी असंच बोलते.

भाऊनं बराबर सांगतलं. मी माप देतो, मी तीन वर्षापासून करून राह्यलो लेकराइसाठी अन् आमच्याकडंबी ओव्हन नाई. मैदा पाव किलो, कोको पावडर ५० ग्रॅम, पिठी साखर दीडशे ग्रॅम, थिजलेलं तूप दीडशे ग्रॅम, सोडा अर्धा चहाचा चमचा, मीठ चिमूटभर. मीठ सोडू नका, त्याच्यानंच चॉकलेटची चव वर येते. तूप-साखर फेटून झालं की मैदा, कोको, सोडा, मीठ दोनदा चाळून त्याच्यात टाकजा अन् हलक्या हातानं गोळा करजा, पोळीच्या कणकेसारखं मळत बसू नका, जास्त मळलं का कुकी कडक होते. कोरडं वाटलं तं थंड दूध चमच्या-चमच्यानं, तीन-चार चमच्याच्या वर नाई. लहान आवळ्याएवढ्या केल्या तं चाळीसेक होतात.

आता खरी युक्ती. गोळा झाला का झाकून रात्रभर थंडीत ठेवा. फ्रिज असन तं ठीक, नसन तं डिसेंबरात आपल्याकडं बाहेरच फ्रिज हाय. मी डब्यात घालून सपरीत (पडवीत) ठेवतो, वरून टोपलं अन् टोपल्यावर पाटा, कारन मांजर (तुमच्या घरच्या सांताले तं आता चटकच लागली असन). सकाळी गोळे करून लगेच भाजाले लावा, हातात जास्त वेळ खेळवू नका, हाताच्या गरमीनं तूप सुटते.

अन् तुमच्या घरी संत्री हायेत न? मंग त्याचा फायदा घ्या बाप्पा. संत्रं सोलायच्या आंधी किसनीवर नुसती वरची नारंगी साल किसा, पांढरं लागू देऊ नका, ते कडू राह्यते. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, सोलल्यावर किसाले धरता येत नाई म्हनून आधीच किसा लागते. वासाचं तेल सालीतच असते. दोन संत्र्याची साल पुरते. रस टाकू नका, रसानं कुकी मऊ केकसारखी होते. चॉकलेट अन् संत्र्याचं असं जमते का लोक इचारतात याच्यात काय टाकलं.

सावनेर_सून (२७ डिसेंबर, दुपारी १:२०)

मी कुकरमध्ये करते, रिंग आणि शिट्टी काढून, मस्त होतात. वहिनी कढईपेक्षा कुकर बरा, धग बाहेर जात नाही.

भट्टीवाला_वर्धा (२७ डिसेंबर, दुपारी २:००)

ताई कुकरमध्ये होते, पण रिकामा कुकर तास दीड तास कोरडा तापवला की त्याची तळी काळवंडते, वाकूही शकते, आणि मग रोजच्या वरण-भाताले तोच कुकर लागते. वीस-पंचवीस माणसांसाठी पाच-सहा घाणे काढा लागतील, एका घाण्यात सात-आठच बसतील, म्हणजे दोन तास धरून चाला. त्यापेक्षा जुना जाड जर्मनचा गंज (अॅल्युमिनियमचं पातेलं) किंवा लोखंडी कढई घ्या, तळाले मीठ नाही तर वाळू, झाकणावर वजन.

एक राहिलं. चॉकलेटच्या कुकीला रंगावरून भाजली का नाही ते समजत नाही, ती आधीच काळी. वास घ्या, आणि पंधरा मिनिटांनी कडेला बोट लावून पाहा, कड घट्ट अन् मधात थोडं मऊ असलं की काढा. गरम असताना मऊच राहते, तूप-साखर अजून पातळ असते. लोक तिथंच फसतात, अजून कच्ची म्हणून परत ठेवतात आणि मग दगड होते. ताटलीतच दहा मिनिटं राहू द्या, मग उचला.

निवृत्त_मास्तर_यवतमाळ (२७ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५)

मामीबाई, आपल्या लहान भाच्यासाठी थोडी माहिती देतो, शेकोटीजवळ सांगता येईल. कुकी हा शब्द डच भाषेतून आला आहे, कुक्ये म्हणजे छोटा केक. आणि ज्यात चॉकलेटचे तुकडे दिसतात ती चॉकलेट चिप कुकी एका बाईनं तयार केली, रूथ वेकफिल्ड नावाच्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात व्हिटमन गावी त्यांची टोल हाऊस नावाची खानावळ होती, तिथं १९३८ च्या सुमारास. त्यांच्या कृतीचा बोलबाला इतका झाला की नेस्ले कंपनीनं ती चॉकलेटच्या वेष्टनावर छापायला घेतली. १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं या कुकीला राज्याची अधिकृत कुकी ठरवलं.

एक गोष्ट सगळीकडं सांगतात की त्यांच्याजवळ सामान संपलं आणि चुकून तुकडे टाकले गेले, आणि योगायोगानं कुकी झाली. मला ती पटत नाही. त्या बाई गृहशास्त्र शिकलेल्या होत्या, शिकवत होत्या, पदार्थांचं पुस्तक लिहिलेल्या. अशा बाईच्या हातून झालेल्या कामाला आपण योगायोग म्हणतो आणि तिचं डोकं, तिची मेहनत बाजूला राहते. आपल्या घरातल्या बायांचंही असंच होतं, पुरणपोळी फुटली नाही तर हात चांगला लागला म्हणतात, हिशोब कोणी विचारत नाही. भाचीला हे आवर्जून सांगा.

आणि तुकडे टाकायचे असतील तर तालुक्याच्या दुकानात जी जाड पट्टी मिळते तिचा कागद वाचून घ्या. घटकांत कोको बटर लिहिलं असेल तर ते चॉकलेट, त्याऐवजी वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड वाईट नाही, भाजताना आकार धरतं, स्वस्त पडतं. पण कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं कमी, म्हणून खरं चॉकलेट तोंडात ठेवलं की आपोआप विरतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तेच चॉकलेट दुकानातच पातळ होऊन बसतं. चॉकलेटचं काम करायला विदर्भात डिसेंबर-जानेवारीच खरा.

झाडीपट्टी_भंडारा (२७ डिसेंबर, रात्री १०:३०)

कुकीजचं सगळ्यांनी सांगितलं, मी मजेचं सांगतो. आमच्या पूर्व विदर्भात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दंडार, खडीगंमत, नाटकं, लोक रात्रभर हसतात. लहानपणी आम्ही पोरं पोरं अंगणात खोटी मंडई भरवायचो, एकाने तिकिटं फाडायची, एकाने ढोलकी म्हणून डबा वाजवायचा. तुमच्या लेकरांना तसंच करू द्या. शेकोटीजवळ कुकीचं दुकान मांडा, पैसे घ्यायचे नाहीत, ज्याला कुकी पाहिजे त्यानं आधी एक कोडं सोडवायचं नाही तर नकला करून दाखवायची. मामाजींना वानराची नक्कल करायला लावा. सासूबाईंना उखाणा. गावातली माणसं इतर वेळी गंभीर असतात पण आगीसमोर बसली की मोकळी होतात, हे मी दरवर्षी पाहतो.

एक कोडं मीच जोडून देतो, मोठ्या भाचीला पाठ करायला सांगा:

काळी काळी गोवरी, चुलीत कोणी लावत नाई
पोरायच्या तावडीतून सांजपावतर राहत नाई

एक गोष्ट मात्र करू नका. एका कुकीत मिरची भरायची आणि कोणाला लागते ते पाहायचं, हे पोरं सुचवतीलच. आमच्या घरी एका वर्षी केलं होतं, ती नेमकी आजीच्या वाट्याला आली, तिला ठसका लागून डोळे पांढरे व्हायची वेळ आली. त्या रात्री नंतर कोणी हसलं नाही. त्यापेक्षा एका कुकीत अख्खा काजू दडवा, ज्याला काजू लागेल त्याला पुढच्या दिवशी बैलगाडीत पुढं बसायचा मान.

वऱ्हाडी_चूल (२७ डिसेंबर, रात्री ११:००)

काजूचं भारी सांगतलं भाऊ! अन् ताई, शेतात शेकोटी राहीन तं शेवटचा एक घाना तिथंच लावून पाहा. आपन रोडगे नाई का गोवऱ्याच्या आगीत भाजत, तसंच, फक्त कुकी आगीत नाई टाकाची. आग बसली, निखारे झाले का जड गंजात वाळू, त्यावर ताटली, झाकन, खाली थोडे निखारे अन् झाकनावर जास्त. वरून-खालून धग लागली पायजे. बारा-पंधरा मिनटात पाहा. धुराचा वास लागते थोडा पन लेकराइले तेच लय आवडते.

मोर्शीकडची_मामी (१ जानेवारी, दुपारी ३:१०)

सगळ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा. झाल्या!! चाळीस सांगितल्या होत्या, बेचाळीस झाल्या, एकही एकमेकीला चिकटली नाही. तूप मामाजींनी फेटलं, बरं का. मी अर्ध्यात दमले तर त्यांनी ताट ओढून घेतलं, म्हणाले फवारणीच्या औषधाचं मिश्रण ढवळून ढवळून हात तयारच आहे, आणि वीस मिनिटं घासत बसले, तूप अगदी लोण्यासारखं पांढरं झालं. डबा रात्रभर सपरीत, टोपल्यावर पाटा. सकाळी पाटा जागेवर होता पण टोपल्याभोवती मांजरीनं चकरा मारलेल्या दिसल्या. आपल्याच बागेतली दोन संत्री किसली, जी झाडावर टिकली त्यातली. सासूबाई वास घेऊन म्हणाल्या यंदा बागेचं कायतरी गोड झालं.

दुकान लेकरांनीच मांडलं, ऊसाच्या पाचटाचा आडोसा करून. मास्तरकाका, मोठीनं रूथबाईंची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली आणि शेवटी स्वतःचं जोडलं की आमच्या मामीनं पण आधी धिरडं केलं, गोवऱ्या केल्या, मग कुकी केली. सगळे टाळ्या वाजवत होते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी साठीत उखाणा घेतला, तोही ताजा जोडून:

मैदा चाळला, कोको चाळला, चिमूटभर मीठ
...रावांनी तूप फेटलं, म्हणून जमलं पीठ

मामाजी इतके लाजले की शेकोटीत तुराट्या टाकायच्या निमित्तानं उठून गेले, आणि तिकडून वानरासारखी हूप करत परत आले. लहाना तर जमिनीवर लोळत होता.

काजू मात्र कोणालाच सापडला नाही. बेचाळीस कुकीज संपल्या, सगळ्यांनी नाही म्हटलं. आज सकाळी जाळी परत ठोकायला मामाजी धुराड्याजवळ गेले तर खाली ताटलीत एक कुकी आणि वाटीत दूध. लहान्यानं आपली न खाता तिथं नेऊन ठेवली होती, सांता परत जाताना भुकेला जाईल म्हणून. कुकी मधातून मोडली, आत काजू. आता बैलगाडीत पुढं कोण बसणार यावर घरात सकाळपासून वाद चालू आहे, लहाना म्हणतो मी, मोठी म्हणते कुकी सांताची होती म्हणजे मान सांताचा, आणि मांजर ओट्यावर बसून आहे.

थोडा कोको उरलाय. संक्रांतीला तिळासोबत त्याचं काही होतं का, कोणी केलं असेल तर सांगा, लेकरं उद्या जातात पण संक्रांतीला मी डबा पाठवणार आहे.